चौल–रेवदंड्याचा एक दिवस: नवी मुंबईतून जाताना तिथी, वाट आणि क्रम कसा ठरवावा

नवी मुंबईतून चौल–रेवदंड्याचे जुने बंदर पाहायला म्हणून निघालेली बहुतेक मंडळी प्रत्यक्षात अलिबाग पाहून परततात. साडेआठला घर सोडले जाते, वडखळला चहा होतो, अलिबागच्या किनाऱ्यावर ‘जरा टेकू’ म्हणून दोन तास जातात, आणि जेवण आटोपून रेवदंड्याला पोहोचेपर्यंत उन्हे कलायला लागलेली असतात. मग तटाच्या पायथ्याशी पाणी आलेले असते, कोर्लई चढायला वेळ उरत नाही आणि चौल गाडीच्या काचेतूनच मागे पडते. ठिकाणे तीच असली तरी क्रम उलटा आणि तारीख चुकीची, एवढ्यानेच हा दिवस वाया जातो.

हे बंदर एका जागी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर, उत्तरेला रेवदंड्याचा तटबंद कोट आणि त्याच्या मागे आत वाड्यांमध्ये विखुरलेले चौल, असे त्याचे तीन भाग आहेत. एका दिवसात तिन्ही होतात, पण सर्वांत लांबचे आधी आणि घराजवळचे शेवटी, या क्रमानेच. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाला धरून आहेत.

## १. तारीख सुटीवरून नव्हे, तिथीवरून ठरवा

रेवदंड्याच्या कोटाचा समुद्राकडचा तट वाळूतून, बाहेरच्या अंगाने पाहायचा असतो. त्यासाठी तुम्ही तिथे असाल त्या वेळी ओहोटी हवी. त्यामुळे आधी दिनदर्शिकेत तिथी पाहावी आणि मग त्यातल्या त्यात शनिवार किंवा रविवार शोधावा.

किनाऱ्यावर वापरात असलेला ढोबळ हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; येणारा आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. तिच्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हिशोब तोच, फक्त अमावास्येलाही पौर्णिमेप्रमाणे पंधरा धरावेत. एकादशीचे उदाहरण घेतले तर अकराची पाऊणपट सव्वाआठ होते, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी. द्वादशीला भरती नऊला आणि ओहोटी सव्वातीनला. प्रत्यक्ष वेळ अर्ध्या-पाऊण तासाने, क्वचित त्याहूनही अधिक, पुढेमागे होऊ शकते. म्हणून हा हिशोब तारीख निवडण्यापुरता वापरावा आणि आदल्या दिवशी मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करून घ्यावी.

या हिशोबाने सर्वांत सोयीच्या तिथी एकादशी आणि द्वादशी. दशमीही चालते, पण अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत भांगाची भरती असल्यामुळे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे मागेही हटत नाही. दशमीवर त्याचा थोडा परिणाम राहतो. त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमारास येते, तेव्हा त्या दिवशी दुपारी आधी चौल आणि नंतर रेवदंड्याचा तट, एवढा बदल करावा.

सर्वांत वाईट तिथी म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या पुढचे तीन-चार दिवस. नेमक्या पौर्णिमेलाच सहली जास्त निघतात, हे दुर्दैव. त्या दिवशी उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि तुम्ही तटाशी पोहोचता तेव्हा वाळू जवळजवळ उरलेलीच नसते.

ऋतूचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जावे. मार्चपासून कोर्लईचा माथा तापतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, गवत कमरेएवढे वाढते आणि जलवाहतुकीचा भरवसा राहत नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर मोठी जत्रा भरते आणि ती काही दिवस चालते. जत्रेसाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण बंदर पाहायला ते दिवस टाळावेत, कारण चौल नाक्यापासूनच गाड्या थबकतात.

तपासा: निवडलेल्या तारखेची ओहोटी दुपारी दीड ते साडेतीन यांच्या दरम्यान आहे का? नसेल, आणि वर सांगितलेली त्रयोदशीही नसेल, तर तारीख बदला. वेळापत्रकाची ओढाताण करू नका.

## २. काय सोडायचे ते घरीच ठरवा

यादीतून तीन नावे निर्दयपणे खोडावीत: अलिबागचा कुलाबा किल्ला, काशीदचा किनारा आणि मुरूड-जंजिरा. कुलाबा किल्ल्यात चालत जायला त्याची स्वतःची ओहोटी लागते, आणि ती रेवदंड्याच्या ओहोटीशी एकाच वेळी येत असल्यामुळे दोन्ही साधणे शक्य नाही. जंजिऱ्यासाठी राजपुरीला होडीची वाट पाहावी लागते. तो स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. काशीद नकाशावर कोर्लईच्या ‘जरा पुढे’ दिसते, आणि या ‘जरा पुढे’नेच अनेकांचे चौल बुडवलेले आहे.

चढणही एकच ठेवावी. कोर्लईचा किल्ला आणि चौलच्या दत्ताचा डोंगर या दोन्ही चढणी एका दिवसात करणारे लोक आहेत, पण दुसऱ्या चढणीवर ते काही पाहत नाहीत, नुसते मोजतात. दत्ताच्या डोंगराला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माझे मत कोर्लईच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल. सोबत वयस्कर माणसे असतील तर त्यांना कोर्लईच्या दीपगृहापर्यंत गाडीने नेऊन तिथेच सावलीत बसवता येते. त्यांना अर्ध्या पायऱ्या चढवून मध्येच थांबवण्यापेक्षा हे बरे.

## ३. आदल्या दिवशीची तयारी

जेवणाची सोय हा या तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. रेवदंडा, चौल आणि नागाव या पट्ट्यात घरगुती खानावळी भरपूर आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच सांगितल्याशिवाय रांधत नाहीत. आदल्या संध्याकाळी फोन करून माणसे किती, शाकाहारी किती आणि जेवायला साधारण किती वाजता येणार, हे सांगून ठेवावे. न सांगता दोन वाजता दारात उभे राहिल्यावर ‘आता वेळ लागेल’ हेच उत्तर मिळते, आणि त्या वेळात ओहोटी निघून जाते. एक खाचखळगा तिथीचाच आहे: तुम्ही भरती-ओहोटी पाहून एकादशी निवडलेली असेल, तर काही घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही. सुरमईची आस धरून जाणाऱ्यांनी हे फोनवरच विचारून घ्यावे, किंवा द्वादशी पाहावी.

सोबत माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, कारण कोर्लईच्या माथ्यावर पिण्याच्या पाण्यावर विसंबता येत नाही. टोपी, पकड असलेले बूट, वाळूत आणि चिखलात चालायला वेगळ्या चपला, सुटे पैसे आणि एक चांगली विजेरी हवी. विजेरी अंधारासाठी नाही. तिचे काम शेवटच्या टप्प्यात आहे. ड्रोन घरी ठेवावा. सागरी किनारा, दीपगृह आणि संरक्षित स्मारके अशा तिहेरी कारणाने तो इथे अडचणीत आणतो.

तपासा: जेवण सांगितले का? ओहोटीची वेळ तक्त्यावरून लिहून घेतली का? लाँचने जाणार असाल तर पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारून घेतली का?

## ४. जाण्याची वाट

स्वतःच्या गाडीने. बेलापूरहून पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग आणि पुढे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी वाट आहे. पनवेलपासून अलिबाग सुमारे ७० किलोमीटर आणि तिथून रेवदंडा आणखी सतरा-अठरा. पहाटे साडेपाचला निघणे हा सल्ला नसून अट आहे. वडखळपासून अलिबागपर्यंतचा रस्ता सुटीच्या दिवशी आठनंतर भरू लागतो, आणि एकदा गाड्यांच्या रांगेत अडकले की कोर्लईचा सकाळचा गारवा हातचा जातो. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळायचे असते; पहाटेच्या झोपेत हे वळण चुकवून नागोठण्याच्या दिशेने जाणारे दर आठवड्याला सापडतात.

अलिबागमध्ये थांबू नये. नाश्ता पेण किंवा वडखळला उरकून घ्यावा, म्हणजे अलिबागला थांबायला निमित्तच राहत नाही. येताना वाटेत आक्षी आणि चौल लागतात, तिथेही उतरू नये; ती परतीची ठिकाणे आहेत. थेट रेवदंड्याच्या पुढे जाऊन साळावच्या पुलाने खाडी ओलांडावी आणि कोर्लई गाठावी. साडेआठ-पावणेनऊपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी असणे जमते.

रेल्वे आणि लाँचने. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल, उरण स्थानकातून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, तिथून एसटीने अलिबाग आणि पुन्हा एसटी किंवा मिनीडोअरने रेवदंडा. उरणपर्यंतची रेल्वे जानेवारी २०२४ पासून पूर्ण सुरू झाल्यामुळे ही वाट आता नवी मुंबईकरांना खऱ्या अर्थाने उघडली आहे. चार वेळा वाहन बदलावे लागते, पण वडखळची कोंडी टळते. ज्या तिथी वर सुचवल्या, त्या या वाटेलाही मानवतात: सकाळी भरतीचे पाणी असते, त्यामुळे रेवसच्या उथळ, गाळाच्या बाजूला लाँच लागायला अडचण येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा चढू लागलेले असते. मात्र या वाटेने रेवदंड्याला दहाच्या आधी पोहोचणे अवघड आहे. म्हणून लाँचने जाणाऱ्यांनी कोर्लई सोडून द्यावी आणि रेवदंडा व चौल ही दोनच ठिकाणे निवांत करावीत. तिन्ही करण्याचा हट्ट धरला तर शेवटची लाँच चुकते.

थेट एसटीने. ठाणे किंवा पनवेलहून मुरूडकडे जाणाऱ्या, अलिबाग-रेवदंडामार्गे धावणाऱ्या गाड्या कोर्लई फाट्यावर उतरवतात. पहाटेची गाडी मिळाली तर हा पर्याय चांगला. नऊनंतरची मिळणार असेल तर लाँचने जाणाऱ्यांना दिलेलाच सल्ला लागू.

मांडव्याची बोट हा पर्याय मुद्दाम शेवटी आणि थोडक्यात: ती गेटवे किंवा भाऊच्या धक्क्याहून सुटते, म्हणजे नवी मुंबईकराला आधी उलट दिशेने मुंबईत जावे लागते. पावसाळ्यात गेटवेची सेवा बंदच असते.

## ५. कोर्लई: आधी नकाशा पाहा, मग शहर

कोर्लई सकाळी घेण्याचे एक कारण ऊन हे आहेच, पण खरे कारण वेगळे आहे. या माथ्यावरून संपूर्ण बंदराची मांडणी एका नजरेत दिसते. खाली जाऊन रेवदंड्यात भिंती आणि चौलमध्ये देवळे पाहताना ‘हे इथेच का?’ असा जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर वरून आधीच मिळालेले असते. पोर्तुगीज आणि निजामशाही या डोंगरासाठी १५९४ मध्ये का लढले, हेही वर उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही. मुखातून आत येणारे प्रत्येक गलबत या माथ्याच्या तोफेखालून जात असे.

गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता कोळीवाड्याच्या कडेने जातो. तो अरुंद आहे, आणि त्याच्या बाजूने जाळी व मासळी वाळत घातलेली असू शकते. मोठी गाडी असेल तर ती अलीकडेच, कोणाच्या दारात न येईल अशी लावून चालत जावे. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून तयार झालेली बोली अजून बोलली जाते. कानावर पडली तर ऐकावी. ‘जरा बोलून दाखवा’ असे म्हणून मोबाइल पुढे धरू नये. ती घरात बोलायची भाषा आहे, प्रदर्शनाची नाही.

दीपगृहाजवळून पायऱ्या सुरू होतात. सावकाश चढले तरी वीस मिनिटे पुरतात. वर पोहोचल्यावर किल्ला अरुंद आणि लांबट आहे हे लक्षात येते: डोंगराचा कणा जसा गेला आहे तशी तटबंदी गेली आहे आणि मध्ये एकामागून एक दरवाजे आडवे घातले आहेत. आधी खाडीच्या मुखाकडच्या टोकापर्यंत जावे, मग परत येऊन उलट बाजू पाहावी. मधल्या भागात छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती, पाण्याचे टाके आणि तोफा आहेत.

माथ्यावर घाईने छायाचित्रे काढण्याआधी दहा मिनिटे एका जागी उभे राहून पुढील गोष्टी ओळखाव्यात. समोर खाडीचे मुख. त्यापलीकडे माडांच्या रेषेत लपलेला रेवदंड्याचा तट. डावीकडे उघडा समुद्र. उजवीकडे साळावचा पूल आणि आत जाणारी कुंडलिका. आणि रेवदंड्याच्या मागे, आतल्या बाजूला, चौलच्या टेकड्या. उघड्या समुद्राकडून आलेले जहाज मुखातून वळून शांत पाण्यात कुठे थांबत असेल, हे बोटाने दाखवता आले की ही चढण सार्थकी लागली.

सावधान: तटाच्या कडेला दगड सैल आहेत आणि गवतात उतार दिसत नाही. भिंतीवर चढून चालू नये. उतरताना घाई करणाऱ्यांचेच पाय मुरगळतात.

तपासा: अकराच्या आत खाली गाडीपाशी आलात का? साडेअकरा झाले असतील तर पुढे चौलमधून टेकडी वगळा; रेवदंड्याची वेळ कापू नका.

## ६. रेवदंडा: कोटात शिरलात हे कळले पाहिजे

पुन्हा पूल ओलांडून रेवदंड्यात यावे. इथली नेहमीची चूक अशी की लोक कोटातून आरपार जातात आणि पुढे जाऊन विचारतात, ‘किल्ला कुठे आहे?’ हा किल्ला डोंगरावर नाही. तो सपाटीवर आहे, त्याच्या आत वस्ती आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि आजचा रस्ता तट फोडून त्यातून जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेल्या जाड भिंतीची तोंडे दिसली की तुम्ही कोटाच्या हद्दीवर आहात. तिथेच गाडी सोडावी. पुढचे सगळे पायी.

जेवणाआधीचा तासभर गावासाठी ठेवावा. शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. तो पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला होता. शाळा चालू असेल तर कार्यालयात विचारूनच आत जावे. बेने इस्रायल या ज्यू समाजाचे बेथ एल हे प्रार्थनास्थळही याच गावात आहे. ते बाहेरून पाहावे, आणि आत कोणी असेल तर परवानगी मागावी. एवढ्यावरूनही या बंदरात कोणकोण येऊन राहिले, याची कल्पना येते.

साडेबारा ते दीड जेवण. तांदळाची भाकरी, हंगाम असेल तर वालाचे बिरडे, आणि शेवटी सोलकढी. पोटभर जेवून पडी टाकण्याचा मोह इथे अनावर होतो. ओहोटीची वेळ लिहिलेला कागद म्हणूनच खिशात हवा.

जेवणानंतर कोट. आधी आतून पाहावे: पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दरवाजा, मग चर्चचे अवशेष, मग सातखणी मनोरा. नाव सातखणी असले तरी आज सात मजले उभे नाहीत. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. मनोऱ्यावर चढण्याचा प्रयत्न करू नये, त्याच्या अगदी खाली बसूही नये. आतल्या वाड्या खासगी आहेत. फाटक उघडे दिसले म्हणून शिरण्यापेक्षा ‘काका, इथून मनोऱ्याकडे जाता येईल का?’ असे विचारावे. बहुतेक वेळा वाट दाखवायला कोणीतरी सोबतच येते. पडलेली सुपारी किंवा नारळ उचलू नये, हे सांगायला नको, पण सांगावे लागते.

आतून फिरून झाल्यावर तटातून समुद्राकडे उतरावे. ओहोटीच्या वेळेआधीच तुम्ही वाळूत असला पाहिजेत. तटाला लागून चालत जाताना दगडांवरचा ओला, शेवाळलेला पट्टा पाहावा. भरतीचे पाणी किती चढते ते तो सांगतो. तो तुमच्या गुडघ्याच्या वर असेल तर त्या जागी भरतीत अडकणे म्हणजे काय, याचा वेगळा खुलासा नको. जाताना घड्याळ लावावे, ओहोटीची वेळ टळल्यावर फार तर अर्धा तास पुढे चालावे आणि मग माघारी फिरावे. सकाळी वरून पाहिलेले मुख आता समोर, पाण्याच्या पातळीवरून दिसते आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर उभा असतो. इथून पाहिले की कोट आणि डोंगर एकमेकांना पुरक का होते, हे दोन्ही बाजूंनी कळते. बहुतेक लोक नेमकी हीच जागा न पाहता परततात, म्हणून तिच्यावर एवढा भर.

सावधान: खाडीच्या मुखाशी पोहू नये. वरून पाणी संथ दिसते, पण ओहोटीत खाडीचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नये.

## ७. चौल: विचारत विचारत

साडेतीन-पावणेचारला रेवदंडा सोडावे. चौल जवळच आहे, पण ते एका ठिकाणी पाहून संपत नाही. रेवदंड्याला तट आहे, चौलला सावली आहे. अवशेष वाड्यांमध्ये, झाडांत, घरांच्या परसात आहेत आणि फलकांवर विसंबून ते सापडत नाहीत.

सुरुवात रामेश्वराच्या देवळापासून करावी. समोरची पुष्करणी, दगडी फरसबंदी आणि सभामंडपातली झाकलेली कुंडे नीट पाहावीत. पर्जन्य, अग्नी आणि वायू अशी ही तीन कुंडे; अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा गावात सांगितली जाते. दगड हलवून पाहण्याचा उत्साह आवरावा. देवळात बसलेल्या एखाद्या जाणत्या गृहस्थांना विचारून पुढची वाट ठरवावी, कारण हमामखाना (जुने स्नानगृह), राजकोट आणि कलावंतिणीचा वाडा या जागांकडे जाणाऱ्या पायवाटा वाड्यांमधून जातात आणि हंगामागणिक बदलतात. नकाशातल्या खुणेवर भरवसा ठेवून कुंपण ओलांडणाऱ्यांची गाठ कुत्र्यांशी पडते.

तासाभरात यांतल्या दोन जागा नीट होतात. तीन करू नयेत. हमामखाना त्यांत असावा, कारण बंदरात उतरणाऱ्या परक्या माणसांसाठी शहरात काय सोयी होत्या, हे कोणत्याही तटबंदीपेक्षा तो अधिक स्पष्ट दाखवतो. पायांत बळ असेल आणि सकाळी अकराची वेळ पाळली असेल तर हिंगळाजदेवीच्या टेकडीवर जावे. देवळाजवळच जुनी लेणी आहेत, म्हणजे बंदराचा काळ पोर्तुगीजांच्या किती मागे जातो ते तिथे प्रत्यक्ष दिसते. बळ नसेल तर शीतळादेवीचे दर्शन घेऊन परतीला लागावे.

तपासा: हिवाळ्यात सहाच्या सुमारास उजेड मावळतो. सव्वापाचला वाड्यांमधून मुख्य रस्त्यावर परत आलेले असावे.

## ८. परत येताना आक्षी, आणि वडखळची वेळ

अलिबागच्या अलीकडे आक्षीला थांबावे. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, आणि उपलब्ध मराठी शिलालेखांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. गावात ‘शिलालेख कुठे?’ एवढे विचारले तरी पुरते. भर दुपारी पाहणाऱ्यांना त्यावर काहीच दिसत नाही, कारण सपाट उजेडात झिजलेली अक्षरे बुजतात. म्हणूनच तो परतीच्या वाटेवर, उजेड कलताना ठेवला आहे. विजेरी दगडाच्या अगदी बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरावी. खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षरे उठून दिसतात. खडू, पीठ, तेल, पाणी यांतले काहीही दगडाला लावू नये. आणि हात फिरवून ‘वाचण्याची’ सवयही सोडावी.

त्यानंतर गाडीवाल्यांपुढे एकच प्रश्न उरतो: वडखळ. शनिवारी तो सौम्य असतो, रविवारी संध्याकाळी तीव्र. रविवारी सहाला अलिबागहून निघालात तर पोयनाडच्या पुढे रांगेत उभे राहाल. त्यापेक्षा नागाव किंवा अलिबागमध्ये जेवून साडेआठनंतर निघावे. घरी पोहोचण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही, फक्त मधला वेळ गाडीत न जाता पानावर जातो. साळाव-रोहा मार्गाने कोलाडकडून वळसा घालण्याची कल्पना काही जण सुचवतात. तो रस्ता दिवसा सुंदर असेल, पण अंधारात, वळणांवर, दमलेल्या चालकाच्या हाती तो देऊ नये.

पांढऱ्या कांद्याचा हंगाम असेल तर कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतात. घ्यायच्या असतील तर जातानाच दुकान हेरून ठेवावे आणि येताना घ्याव्यात. कांदा दाबून, माळेच्या आतल्या बाजूचे पाहून घ्यावेत, कारण बाहेर सुके आणि आत ओले अशी माळ दोन आठवड्यांत सडते.

लाँचने आलेल्यांसाठी वेळापत्रक कडक आहे. चौलहून थेट अलिबाग एसटी स्थानक, तिथून रेवस. आक्षी या वाटेवर असली तरी उतरून पुन्हा गाडी पकडण्यात अर्धा-पाऊण तास जातो, तेव्हा साडेचारच्या आत चौल सोडले असेल तरच उतरावे. रेवसच्या धक्क्यावर शेवटच्या फेरीच्या किमान अर्धा तास आधी असावे. ती फेरी गेली की रस्त्याने पेण-पनवेल हाच मार्ग राहतो, म्हणून तेवढ्या भाड्याचे रोख पैसे दिवसभर वेगळे बाजूला ठेवावेत.